स्टेशन वॅगनचा टप खाली घेताना

गाडीचे खांब छाटून टप मूळ उंचीपेक्षा खाली आणण्याची कारागिरी अमेरिकेची, त्यातही दक्षिण कॅलिफोर्नियाची. १९३० च्या दशकात म्युरॉकसारख्या कोरड्या तलावांच्या सपाट तळावर वेगाच्या शर्यती लावणाऱ्या तरुणांनी ती सुरू केली, तेव्हा हेतू वाऱ्याला अडणारे गाडीचे तोंड लहान करणे एवढाच होता. दुसऱ्या महायुद्धानंतर वेगाची जागा देखणेपणाने घेतली. कारागीर सॅम बॅरिस यांनी स्वतःची १९४९ ची मर्क्युरी कापली. पाठोपाठ बॅरिस बंधूंच्याच कारखान्यातून १९५२ मध्ये तयार होऊन निघालेली ‘हिरोहाटा मर्क्युरी’ या कलेचा मानदंड ठरली. या सगळ्या दोन दारांच्या कूपे गाड्या होत्या. कुटुंब आणि सामान वाहणारी स्टेशन वॅगन या परंपरेत बराच काळ मागेच राहिली. याला तांत्रिक कारणही आहे. वॅगनचा टप जवळजवळ मागच्या बंपरपर्यंत पोहोचतो, बाजूच्या काचांची रांग लांब असते आणि शेवटी काचेसकट उघडणारे मागचे दार असते. कूपेसाठी बसवलेले आडाखे म्हणूनच वॅगनला लावून चालत नाही.

कोणती गाडी निवडावी

१९४८ पर्यंतच्या बहुतेक अमेरिकन वॅगनचे अंग लाकडाचे असे. फोर्ड कंपनी या लाकडी सांगाड्यांसाठी मिशिगन राज्यातील आयर्न माउंटन येथे स्वतःचा कारखाना चालवत होती. टपही लाकडी पट्ट्यांचा आणि वरून कापडी आच्छादन घातलेला. अशा गाडीचा टप खाली घेणे हे सुताराचे काम आहे आणि त्याची पद्धत अगदी निराळी. शिवाय मूळ लाकूडकाम शाबूत असलेल्या वॅगन आता इतक्या मोजक्या उरल्या आहेत, की त्यांना हात न लावणेच बरे.

पत्र्याच्या वॅगन त्यानंतर रुळल्या. १९४६ ची विलिस, १९४९ ची प्लिमथ सबर्बन आणि १९५२ ची फोर्ड रँच वॅगन ही त्यांतली ठळक नावे. टप कापण्यासाठी १९५२ ते १९५४ मधील फोर्ड वॅगन सर्वांत सोयीच्या. त्यांची पुढची काच एकसंध आणि बाकदार आहे, पण ती कोपऱ्याला वळसा घालून दारापर्यंत येत नाही. १९५५ पासून फोर्ड आणि शेव्हरोले या दोघांनीही बाजूपर्यंत गुंडाळलेली पुढची काच आणली. दिसायला ती ऐटदार, पण कापायला अतिशय अवघड. १९५५ ते १९५७ च्या शेव्हरोले वॅगन आजही सहज मिळतात, सुट्या भागांचा बाजारही मोठा आहे, म्हणून पुष्कळांचा ओढा तिकडे असतो. तीच घ्यायची ठरली तर दोन दारांची साधी ‘हँडीमन’ किंवा चार दारांची वॅगन घ्यावी. त्याच वर्षांतील ‘नोमॅड’ घेऊ नये. तिचा पुढे कललेला मधला खांब आणि टपावरच्या आडव्या खाचा १९५४ च्या जनरल मोटर्सच्या प्रदर्शनातील नमुना गाडीवरून आल्या आहेत. तिचा टप मुळातच नेटका आहे आणि कापल्यावर ती किमतीलाही उतरते.

गाडी सर्व भागांसह पूर्ण असावी, पण तिच्यावर आधी कोणी हौशी हात फिरवलेला नसावा. जुन्या पुट्टीखाली दडलेला गंज कापणीच्या दिवशी बाहेर येतो आणि सगळे माप बिघडवतो. वॅगनमध्ये मागच्या दाराचे खालचे कोपरे, मागच्या चाकांवरचे आतले पत्रे आणि टपाच्या कडेची पावसाची पन्हळ या तीन जागा चुंबक लावून तपासाव्यात. चुंबक धरत नसेल तिथे पुट्टी तरी आहे किंवा कारखान्यात भरलेले शिसे तरी.

किती कापावे

हिरोहाटा मर्क्युरीचा टप पुढे ४ आणि मागे ७ इंच कापला होता, असे आकडे वाचून वॅगनला कटर लावणारा फसतो. कूपेचा टप लहान आणि घुमटासारखा असतो. मागे जास्त कापले की तो सुंदर उतरतो. वॅगनचा टप सपाट आणि लांब. तो ४ इंच खाली आला की बाजूच्या काचांची रांग एका लांब फटीसारखी दिसू लागते आणि गाडीला शववाहिकेची कळा येते. बहुतेक वॅगनना अडीच ते ३ इंच पुरेसे होतात. मागे पाऊण इंच जास्त घेतले तर टपाला किंचित उतार मिळतो आणि गाडी उभी असतानाही पुढे झेपावल्यासारखी वाटते. त्याहून अधिक उतार दिला तर मागे बसणाऱ्यांची डोकी टपाला लागतात.

आकडा ठरवण्यासाठी गाडीचे छायाचित्र बरोबर बाजूने, लांबून आणि लांब पल्ल्याच्या भिंगाने घ्यावे. जवळून काढलेल्या छायाचित्रात पुढचा-मागचा भाग वाकडा येतो आणि त्यावर आखलेली रेघ खोटी ठरते. छायाचित्राच्या तीन-चार प्रती काढून प्रत्येकीत काचांच्या पट्ट्यातून वेगवेगळ्या रुंदीची फीत कापावी आणि टप खाली चिकटवावा.

पण कागदावर छान दिसणारा आकडा शेवटचा नव्हे. चालकाच्या आसनावर गाडी चालवणाऱ्यालाच बसवावे, खालून मोजून पुढच्या काचेवर नव्या कपाळपट्टीच्या जागी चिकटपट्टी लावावी. काचेच्या वरच्या कडेला धरून ठेवणारी टपाची आडवी पट्टी ती कपाळपट्टी. चिकटपट्टीखालून चौकातला सिग्नल दिसतो का ते पाहावे. मान वाकवावी लागत असेल तर एकतर आसन खाली न्यावे लागेल किंवा कापायचे माप कमी करावे लागेल. या कामातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय इथे होतो. बाजूने दिसणाऱ्या रूपापेक्षा चालकाची नजर आणि पुढची काच यांच्यावरूनच माप ठरले पाहिजे, कारण बाकी सगळे पत्र्याचे काम आहे आणि पत्रा पुन्हा जोडता येतो.

खांबांचे गणित

टप सरळ खाली आणला तर खांबांची कापलेली टोके एकमेकांवर बसत नाहीत, हे नवख्याला पहिल्यांदा टप उतरवल्यावर कळते. खांब उभे नसतात, कललेले असतात. पुढचा खांब वर जाताना मागे झुकतो. त्यातून ३ इंचांचा तुकडा काढून टप खाली घेतला, की वरचा तुकडा खालच्या बुंध्याच्या मागे पडतो. खांब उभ्या रेषेपासून ३० अंश कललेला असेल तर हा फरक जवळजवळ पावणेदोन इंच भरतो. मागचा खांब वर जाताना पुढे कललेला असेल, समजा २० अंश, तर तिथे वरचा तुकडा बुंध्याच्या पुढे सुमारे एक इंच येतो. म्हणजे पुढचा खांब जुळवायला टप पुढे सरकवावा, तर मागची फट वाढून पावणेतीन इंचांवर जाते. बाजूंचीही तीच गत. काचांचा भाग वरच्या दिशेने आत झुकलेला असतो. हा झुकाव १० अंश असेल तर प्रत्येक बाजूला अर्धा इंच फरक येतो.

ही तफावत भरून काढण्याचे तीन मार्ग आहेत. पहिला म्हणजे टप आडवा कापून मधे पट्टी भरून तो लांब करणे. कूपेमध्ये हे सर्रास करतात. वॅगनच्या टपाला फुगवटा फारच थोडा असतो, आणि अशा सपाट पत्र्यावर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवा वेल्ड घातला की उष्णतेने तो आखडतो, लाटा येतात आणि त्या काढता काढता महिने जातात. टपावर दाबलेल्या खाचा असतील तर भरलेल्या पट्टीतही त्या काढाव्या लागतात. त्याच नमुन्याच्या दुसऱ्या भंगार वॅगनचा टप मिळाला तर दोन्ही टप वेगवेगळ्या जागी कापून मूळ घडणीचाच लांब टप जोडता येतो, पण आडवा सांधा तरीही टळत नाही. दुसरा मार्ग पुढचा खांब बुंध्याशी चिरून मागे कलवण्याचा. त्यात टप पुढे सरकवावा लागत नाही, काचेची उंचीही काही प्रमाणात आपोआप घटते, मात्र पुढच्या दाराच्या चौकटीचा कोपरा पुन्हा घडवावा लागतो.

तिसरा मार्ग वॅगनला सर्वांत शोभतो. टप पुढच्या खांबांवर जुळवून घ्यावा आणि मागचा खांब दाराच्या काचेखालच्या कडेशी, म्हणजे गाडीच्या कंबररेषेशी, सोडवून पुढे कलवावा. वरच्या उदाहरणात काचांची मूळ उंची १५ इंच धरली, तर २० अंशांचा मागचा खांब सुमारे ३१ अंशांवर येतो. टप अखंड राहतो, मोठा सांधा पडत नाही आणि गाडीची शेपटी तिरकी होऊन रेखीव दिसते. मधले दोन खांब बहुधा उभेच असतात. ते टपापासून सोडवून मूळ बुंध्यांच्या बरोबर वर नव्या जागी पुन्हा जोडावेत. बाजूंचा अर्धा इंच मात्र टप रुंद करून काढू नये. खांबांचे वरचे तुकडे आणि दारांच्या चौकटी किंचित आत वळवून तो सहज सामावतो.

गुंडाळलेल्या काचेच्या शेव्हरोलेत गणित वेगळे पडते. तिचा पुढचा खांब जवळजवळ उभा आहे, त्यामुळे तो सरळ खाली येऊन बुंध्यावर बसतो आणि काम सोपे झाले असे वाटते. पण काचेचा मधला भाग बराच कललेला आहे. टप खाली आला की कपाळपट्टीचा मध्य काचेच्या मागे पडतो आणि कोपरे मात्र जागेवर राहतात. कपाळपट्टीची कमान नव्याने, अधिक पुढे आलेली, घडवावी लागते. हे लक्षात न घेता खांब जोडून टाकले तर पुढे कोणतीही काच त्या चौकटीत बसत नाही.

कापण्याआधीची तयारी

गाडी स्वतःच्या चाकांवर किंवा ॲक्सलखाली घोड्या लावून समपातळीत उभी करावी. चॅसिसच्या मधोमध जॅक देऊन उचललेली गाडी वाकते आणि तशी वाकलेली असतानाच टप जोडला तर नंतर दारे लागत नाहीत. अंग आणि चॅसिस यांच्यामधल्या रबरी गाद्या कुजलेल्या असतील तर त्या आधी बदलाव्यात. मग चारही दारे आणि मागचे दार यांच्या फटी सारख्या करून घ्याव्यात. टप निघाल्यावर हे करण्याची संधी राहत नाही. बॅटरी काढावी, पेट्रोलची टाकी पूर्ण उतरवावी. आतले कापड, त्याच्या तारा, दिव्याची वायरिंग, सर्व काचा आणि रबर काढून प्रत्येकावर चिठ्ठी लावावी. पन्हळीवरच्या क्रोमच्या पट्ट्या वाकवू नयेत, त्या लहान करून पुन्हा लावायच्या असतात.

यानंतर आधाराचा सांगाडा. एक इंची चौकोनी पाइप डॅशबोर्डच्या पत्र्यापासून मधल्या खांबापर्यंत, तिथून मागच्या खांबापर्यंत आणि डाव्या बाजूकडून उजवीकडे फुलीसारखे, असे कापणीच्या रेषेखाली वेल्ड करावेत. ते दारे उघडण्याच्या आड येऊ नयेत, कारण दारे वारंवार लावून पाहायची असतात. टपाच्या आतही स्वतंत्र पाइप लावावा. वॅगनचा टप खांबांवरून सुटला की ओल्या पुठ्ठ्यासारखा मधे लोंबतो आणि त्याच्या कडा फाकतात. मागच्या दाराच्या चौकटीचे कर्ण मोजून लिहून ठेवावेत, ते माप शेवटपर्यंत लागते.

कापणी

सगळ्या खांबांवर एकाच पातळीची रेघ पाण्याच्या नळीने किंवा लेझरने आखावी. तिथून खाली-वर मोजून प्रत्येक खांबाच्या दोन रेघा काढाव्यात. खांब ज्या उंचीवर सरळ आणि सारख्या जाडीचा आहे तिथेच तो कापावा. काचेच्या चौकटीच्या गोल कोपऱ्यांतून कधीच जाऊ नये. बाहेरचा पत्रा आणि आतला पत्रा एकाच पातळीवर न कापता एकमेकांपासून एक-दोन इंच वर-खाली कापावेत, म्हणजे दोन्ही सांधे एका रेषेत येत नाहीत आणि खांब तिथे कमकुवत होत नाही.

कापण्याला ग्राइंडरवर एक मिलिमीटर जाडीची चकती पुरते. पहिली कापणी रेघेपासून थोडी दूर, जास्तीचा पत्रा ठेवून करावी. टप उचलायला किमान चार माणसे हवीत. तो उतरवून सपाट टेबलावर ठेवावा, भिंतीला टेकवू नये. मग बुंधे रेघेपर्यंत साफ करून टप परत ठेवावा आणि क्लॅम्पवर उभा करावा. या अवस्थेत घाई करणारे बहुतेक पस्तावतात. काही दिवस टप नुसता क्लॅम्पवर राहू द्यावा, लांबून, चढावरून, गाडी उजेडात ढकलून पाहावी. अर्धा इंच कमी-जास्त करायचे असेल तर वेळ हीच. जोडल्यावर तो अर्धा इंच फार महाग पडतो.

समाधान झाले की वेल्डचे फक्त टाके मारावेत. पुढचे दोन खांब आधी, मग मधले, सगळ्यांत शेवटी मागचे. प्रत्येक टाक्यानंतर पुढची काच किंवा तिचा प्लायवूडचा साचा चौकटीत लावून पाहावा आणि मागच्या चौकटीचे कर्ण पुन्हा मोजावेत. खांबांच्या आत पत्र्याची किंवा नळीची बाही घालून ती छिद्रांतून वेल्ड केली तर सांधा मूळ खांबापेक्षाही भक्कम होतो. १९५० च्या दशकातल्या गाड्यांत उलटल्यावर टप पेलण्याची ताकद बेताचीच होती. निदान ती तरी घटू देऊ नये.

दारांच्या चौकटी टप पक्का झाल्यावरच कापाव्यात. दार लावून, टपाच्या कडेशी सारखी फट राखून चौकटीचा वरचा भाग जागेवर धरावा आणि मग तिथेच टाका मारावा. पुढच्या दारांतल्या तिकोनी झरोक्याच्या काचा लहान करणे किचकट असते. पुष्कळ कारागीर त्या काढून टाकतात आणि दाराला एकसंध काच देतात, पण गाडीत वातानुकूलन नसेल तर उन्हाळ्यात त्या झरोक्यांची आठवण येते.

काचा

काच कापण्याआधी ती कोणत्या जातीची आहे ते ओळखावे. लॅमिनेटेड काचेत दोन काचांमधे पॉलिव्हिनाइल ब्युटिरलचा चिकट पडदा असतो, ती कापता येते. टेम्पर्ड काच कापता येत नाही, चरा पडताच तिचे दाणे होतात. अमेरिकन काचेच्या कोपऱ्यावरच्या खुणेत ‘एएस१’ असे लिहिलेले असेल तर ती पुढच्या बाजूला चालणारी लॅमिनेटेड काच असते. ‘एएस२’ इतर खिडक्यांसाठी आणि ती दोन्हींपैकी कोणतीही असू शकते. दोन्हींतून किमान ७० टक्के प्रकाश जावा लागतो. सपाट बाजूच्या काचा जुन्या कापत बसू नये. पुठ्ठ्याचा साचा काढून नवीन लॅमिनेटेड काचेतून करून घ्याव्यात, खर्च फार येत नाही. मागच्या बाजूची वळवलेली काच टेम्पर्ड निघाली, तर तिच्या जागी सपाट काच बसेल अशी चौकट घडवणे हाच व्यवहारी उपाय.

पुढची बाकदार काच हा संपूर्ण कामातला सर्वांत बेभरवशाचा भाग. हलक्या बाकाच्या काचेवर दोन्ही बाजूंनी अगदी समोरासमोर चरा ओढून, तडा हळूहळू पुढे नेऊन, मधला पडदा मऊ करून पात्याने कापतात. तीव्र वळणाची काच याने हमखास तडकते. तिच्यासाठी राहू द्यायच्या भागावर जाड चिकटपट्टी लावून उरलेली काच वाळूच्या फवाऱ्याने झिजवत झिजवत पार करण्याची रीत आहे. कामाला उशीर लागतो, पण काच वाचण्याची शक्यता वाढते. कोणत्याही पद्धतीत एक-दोन जादा काचा हाताशी असाव्यात. चौकट आधी वेल्ड करून तिला काच बसवण्यापेक्षा काच आधी कापून तिच्याभोवती चौकट पक्की करणे शहाणपणाचे, कारण पत्रा दोन मिलिमीटर सरकवता येतो, काच नाही.

काच न कापता ती डॅशबोर्डच्या पुढच्या पत्र्यात खाचेतून खाली सरकवण्याचाही पर्याय आहे. वायपरची यंत्रणा तिथेच असल्याने ती हलवावी लागते आणि पाणी झिरपण्याची नवी जागा तयार होते. गुंडाळलेल्या काचेला हा उपाय बहुधा लागू पडत नाही.

मागचे दार

या काळातील बहुतेक वॅगनचे मागचे दार दोन पल्ल्यांचे. काचेचा वरचा पल्ला टपाला बिजागरीने टांगलेला आणि वर उघडणारा, खालचा पल्ला खाली पडून सामानाचा कठडा होणारा. टप कापल्यावर खालच्या पल्ल्याला हात लावावा लागत नाही. वरचा पल्ला मात्र उंचीने कमी आणि मागचा खांब कलवला असेल तर कोनानेही बदलतो. दोन पल्ले जिथे मिळतात तिथे कुलूप आणि रबर यांची जागा अचूक यावी लागते, म्हणून पल्ला खालून न कापता वरच्या भागात कापावा. खालची कड, कुलपाची पट्टी आणि रबराची खाच मूळच राहतात. बिजागऱ्या टपाबरोबर खाली येतात, पण नव्या कोनामुळे पल्ला पूर्ण उघडल्यावर टपावर आदळतो का ते पाहून थांबवणारा आधार बदलावा. पल्ला तिरका झाला की तो उघडा धरणाऱ्या दांड्यांवरचा भारही बदलतो. जुन्या दांड्या पुरत नसतील तर हवेच्या दाबावरचे आधार लावावेत.

वॅगनचे मागचे दार नीट बसत नसेल तर धावताना एग्झॉस्टचा धूर आत ओढला जातो. रंगकाम कितीही चकचकीत असले तरी अशी गाडी वापरण्यालायक नसते. एग्झॉस्टची नळी मागच्या बंपरच्या पुरेशी बाहेर काढावी.

सांधे आणि रंगाआधीचे काम

टप आणि खांब यांचे मूळ सांधे कारखान्यात शिशाने भरलेले असतात. वेल्ड करण्याआधी ते शिसे वितळवून पूर्ण पुसून काढावे, नाहीतर वेल्डमध्ये ते मिसळते आणि सांधा छिद्राळ होतो. वितळलेल्या शिशाचा धूर आणि घासताना उडणारी भुकटी दोन्ही विषारी. मास्क, मोकळी हवा आणि काम झाल्यावर हात-कपडे धुणे यांत हयगय नको.

पत्रा साधारण एक मिलिमीटरच्या आसपास जाडीचा असतो. मिग वेल्डिंगला ०.६ मिलिमीटरची तार आणि आर्गॉन-कार्बन डायऑक्साइडचे मिश्रण लागते. टाके एकमेकांपासून दूर मारावेत, एका ठिकाणचा पत्रा हाताला गार लागेपर्यंत तिथे परत जाऊ नये. सलग वेल्ड ओढणाऱ्याच्या टपाला लाट येणारच. टिग वेल्डिंगचा सांधा मऊ राहतो, त्यामुळे हातोडी आणि ठोकळ्याने तो ताणून आखडलेला पत्रा परत सरळ करता येतो. हात बसलेला असेल तर दिसणाऱ्या भागांत टिगच वापरावे.

जुने कारागीर सांध्यांवर तीन भाग कथिल आणि सात भाग शिसे यांचा मिश्रधातू लाकडी फळीने पसरवत. अशा बुटक्या, जड गाड्यांचे ‘लेड स्लेड’ हे नाव त्यावरूनच पडले. तो १८३ अंश सेल्सिअसला मऊ पडू लागतो आणि त्यापुढच्या सत्तर-एक अंशांत लोण्यासारखा पसरतो. आजची एपॉक्सी प्रायमरवर घातलेली चांगली पुट्टी तेवढीच टिकते, मात्र थर ३ मिलिमीटरपेक्षा जाड नसावा. जास्त लागत असेल तर पत्र्याचे काम अपुरे राहिले आहे असे समजून मागे जावे.

पन्हळ काढून टप गुळगुळीत करण्याची फॅशन आहे. कूपेमध्ये ती खपून जाते. वॅगनमध्ये पाऊस पडताना काच उघडली की पाणी थेट मांडीवर येते, तेव्हा पन्हळ ठेवावी. तिच्या पत्र्यांच्या घड्यांत जस्ताचा प्रायमर, वरून सांधे बुजवणारी पेस्ट आणि खांबांच्या पोकळीत मेणाचा फवारा द्यावा. वेल्डची उष्णता लागलेली आतली बाजू उघडी राहिली तर गंज तिथूनच धरतो. आतले कापड लावण्याआधी गाडीवर पंधरा-वीस मिनिटे पाण्याची धार धरून आत कोरड्या कागदांवर डाग पडतात का ते पाहावे.

आतील बदल

आसनाचे पाय कापून ते खाली घ्यावे, गादी पातळ पण कडक फोमची करावी. सुकाणूच्या खांबाचा कोन त्यानुसार थोडा उतरवावा लागतो. ऊन अडवणारे पल्ले अरुंद करावेत, नाहीतर ते उघडल्यावर उरलेली अर्धी काच झाकतात. वायपरची पाती लहान घ्यावीत. मागची काच फटीएवढी झाल्याने आतल्या आरशावर विसंबता येत नाही; बाहेर दोन्ही बाजूंना आरसे हवेतच. दारांच्या काचा आता उंचीने कमी असल्यामुळे त्या दारात पूर्ण उतरतात, फक्त काच वरखाली करणाऱ्या यंत्रणेचे थांबे नव्याने लावावे लागतात. मधल्या खांबावर खांद्याच्या पट्ट्याचा आधार बसवायचा असेल तर तो खांब उघडा असतानाच आत जाड पत्रा वेल्ड करून ठेवावा.

स्प्रिंग बदलून गाडी थोडी खाली बसवली की रूप पूर्ण होते. टप खाली आणि चाके मात्र उंच, अशी वॅगन विचित्र दिसते.

भारतातील स्थिती

अमेरिकेत अशा बदलांचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत आणि तिथे राहणाऱ्या मराठी हौशींनी काम सुरू करण्याआधी आपल्या राज्याची तपासणीची अट पाहून घ्यावी. भारतात चित्र स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील प्रकरणात हेच अधोरेखित केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. जुलै २०२१ च्या विंटेज वाहनांच्या नियमांत ५० वर्षांहून जुन्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा स्वतंत्र क्रमांक मिळतो, पण गाडी मूळ स्वरूपात असली पाहिजे. चॅसिस, अंग किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला असेल तर ती या सवलतीत बसत नाही. महाराष्ट्रात एखाद्याच्या गॅरेजात जुनी वॅगन मूळ टपासह उभी असेल, तर तिची डागडुजी करावी, रंग द्यावा, ती चालवावी, पण तिच्या खांबांना कटर लावू नये.